दिपिकाच्या नावापुढचं काम

चांदीपच्या आमच्या आळीत दिपिकाशी कोणी धड बोलत नाही. माझे धाकटे दीर शत्रुघ्न भावजी, त्यांची ती सून. फुलपाड्याहून आली. तिच्या बापाचं तिथे स्कूटर दुरुस्तीचं दुकान, पोरगी तिथेच शिकली. आता बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटर तिच्याकडे येतात. बॅटरी उघडायची, मीटर लावून मेलेला सेल हुडकायचा, काढून नवा बसवायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, वालातले किडके दाणे निवडतेय.

पूर्वी पेंढा ठेवायचो त्या पडवीत ती काम करते. भावजी तिला नावाने हाक मारत नाहीत. चारचौघांत "मिस्त्री" म्हणतात आणि हसतात. आळीतल्या बायका तिची काळी बोटं बघून हळदीकुंकवाची वाटी पुढे सरकवतात, लावत नाहीत. नवरा अल्पेश यातलं काही ऐकत नाही. कान चांगले आहेत त्याचे.

मागच्या महिन्यात सरकारी पाहणीसाठी अनुष्का नावाची मुलगी मोबाईल घेऊन घरोघर फिरत आली. कोण आता काय काम करतं, जुनं कुठलं गेलं, नवं कुठलं आलं, हे लिहून घेत होती. ज्याचं काम लिहिलं जाईल त्याला परीक्षेला बसता येणार, पास झाला की दाखला. पलीकडच्या गोदामवाल्याने दिपिकाला सांगूनच ठेवलं होतं, दाखला आण, चाळीस स्कूटरचं काम तुझं. ती आठ दिवस या मुलीची वाट बघत होती.

आता आमच्या आळीची एक खोड. कसलाही कागद येवो, काम विचारलं की सगळे सांगणार, शेती. कागदावरून शेती हटली की जमीन हटते, ही भीती. भाताची खाचरं मातीने भरून गोदामं उभी राहिली, त्यांच्या भाड्यावर भावजींच्या घरात गारेगार मशीन आलं, तरी शेतीच.

भावजी खुर्ची टाकून ओट्यावर बसले आणि सगळ्यांचं तेच सांगत सुटले. अल्पेश, शेती. जिजा, म्हणजे माझी जाऊ, शेती. दिपिका मीटर हातात घेऊन दारात उभी.

"सूनबाई?" अनुष्काने विचारलं.

"शेती."

"मामा, मला तुमचं शेत कुठून सुरू होतं तेही माहीत नाही," दिपिका म्हणाली.

"तू गप. तुझ्या त्या डब्यांपायी माझी जमीन जाईल."

अनुष्का म्हणाली, एकाच घरात दोन उत्तरं असतील तर मोठ्या माणसाचं धरावं लागतं. अल्पेश खाली वाकून चप्पल शोधायला लागला. ती त्याच्या पायातच होती.

घर आमचं एकच, चुली दोन. मोठी मी. चौथीतून शाळा सोडली, पण सातबारा मी वाचलाय, पुन्हा पुन्हा वाचलाय, कुठे आपलं नाव दिसतंय का म्हणून.

"भावजी," मी म्हटलं, "सातबाऱ्यावर या पोरीचं नाव कुठाय? माझं कुठाय? जिजाचं? जे चढलंच नाही ते उतरणार कसं?"

भावजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी गोदामवाल्याला त्यांचा ओटाच विकलाय. जिजा पदर तोंडाशी धरून आत गेली. हसायला गेली की रडायला, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

अनुष्काने मोठीचं, म्हणजे माझं धरलं आणि लिहिलं, बॅटरी दुरुस्ती.

त्याच संध्याकाळी भावजींनी पडवीची वायर उपटली. दिपिका टेबल, मीटर, सगळं माझ्या ओट्यावर घेऊन आली. आता तिथे सकाळपासून स्कूटर लागतात. आळीतली माणसं माझ्याशीही बोलत नाहीत, भावजी तर तोंड फिरवून जातात. काल परीक्षेचं पत्र आलं. दिपिकाने हात पुसून ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "मोठ्या आई, तुमच्या घरी वैर आणलं ना मी?"

मी म्हटलं, वैर जुनंच आहे गं. तू नुसती टेबलाकडची ती वायर तुळशीकडून काढ, मागून ओढून घे.