वेखंड, गूळ आणि र

पाहुणे आले की घरातल्या बोबड्या पोराला मधे उभं करून ‘राम म्हण’ असं तुम्हीही सांगता का? आणि ते ‘लाम’ म्हणालं की हसता?

आमच्या घरी हसत. चौथीत गेले तरी मला र येत नव्हता. शाळेच्या वाटेवर मुली ओरडत, “ए, लताळं खाणार का?” वडील सभांतून पत्रकं आणत, ती मी मनातल्या मनात घडाघडा वाची, मोठ्याने वाच म्हटलं की गप्प. काकांनी तर जाहीरच केलं होतं, “परीक्षेत तोंडी वाचन असतं. नापास झाली की शाळा बंद. चूल फुंकायला र लागत नाही.”

आईचा इलाज चालू होता. रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळून ती माझ्या जिभेला चोळी, वाणी सुटावी म्हणून. जीभ नुसती पोळे. आई सहाण मांडायला लागली की मी जीभ घशाकडे ओढून घेई.

एकदा वर्गाच्या बाई घरी आल्या, तेव्हा नेमकं हेच चाललं होतं. क्षणभर बघून म्हणाल्या, “वहिनी, तिची जीभ भिऊन आत पळतेय. र म्हणायचा तर ती वर जायला हवी. जरा गूळ द्या पाहू.”

बोटाने त्यांनी माझ्या वरच्या दातांमागे, हिरडीला गूळ लावला. “शेंड्याने चाट. हं. गोड लागतंय ना, तिथेच टोक आपटायचं. म्हण, त-द, त-द. भराभर!”

त्या दिवसापासून आईने वेखंड ठेवून दिलं आणि माझ्या डब्यात गूळ येऊ लागला. मधल्या सुट्टीत मुली अंगणात फुगड्या घालत आणि मी बाईंसमोर त-द, त-द करत बसे. कंटाळून रडू लागले की बाई म्हणत, “रड हवं तर, पण जीभ वर ठेवून रड.”

ओझरकडची द्राक्षं तेव्हा बाजारात दिसू लागली होती. बाईंनी तोच शब्द धरला. मी म्हणे, “दलाक्ष.”

“मधे थांबू नकोस. द वरून तशीच घसर.”

एका दुपारी मी घसरले. “द्राक्ष!” बाईंनी मला गदागदा हलवलं. “पुन्हा म्हण, बये, पुन्हा!”

परीक्षेत दोन ठिकाणी अडखळले, पण तपासणीला आलेल्या साहेबांनी पास केलं. शाळा सुटली नाही. आज नाशकातल्या सभांत मी स्वतः लिहिलेली पत्रकं स्वतः वाचते. त्यातला प्रत्येक र बाईंनी दिलेला आहे, आणि ऐकून घेऊन आपली रीत त्याच दिवशी सोडणाऱ्या माझ्या आईनेही.

तुमच्या आळीत बोलण्यापायी एखाद्या मुलीचं नाव शाळेतून काढायचं घाटत असेल, तर आजच तिच्या घरी जा. भांडा. आणि उद्यापासून रोज थोडा वेळ तिच्यासमोर बसा.