एलीश्वाने बांधलेला संडास

त्या हॉलचं माहितीपत्रक मीच लिहिलं होतं. ‘मट्टांचेरीच्या धक्क्यावरची दीडशे वर्षांची मसाल्याची वखार. परिषदेसाठी चारशे खुर्च्या, पाण्यालगत मेजवानीचा ओटा, सागवानी तुळया आणि अजूनही दरवळणारा सुंठीचा वास.’ हे शेवटचं वाक्य आमच्या मॅनेजर रेजीसरांना फार आवडलं होतं. एलीश्वाचेचीला मी ते कौतुकानं वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “त्या वासानं माझी छाती गेली. तेही लिही की.”

सगळी गल्ली तिला चेची, म्हणजे ताई, म्हणते. ती आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. वय सत्तर. सतराव्या वर्षी ती त्या वखारीत सुंठ निवडायला लागली आणि वखार बंद पडेपर्यंत, म्हणजे एकोणतीस वर्षं, तिथंच बसली. बेचाळीस बायका जमिनीवर ओळीनं बसायच्या, पुढ्यात सूप. जाड गड्डे एकीकडे, तुटके दुसरीकडे, किडके तिसरीकडे. निवडून झालेली सुंठ पांढरी दिसावी म्हणून चुन्याच्या हौदात बुडवायची, तीही हातांनीच. बोटांची सालं निघायची. चेचीच्या अंगठ्यावर आजही ठसा उमटत नाही. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा टेकवला की दर महिन्याला भांडण.

वखारीत एक संडास होता, पण तो कारकुनांचा. त्याला कुलूप, आणि किल्ली मुकादमाच्या कमरेला. बायकांनी ओहोटी लागली की होड्यांच्या आडोशाला जायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत दम धरायचा. म्हणून सगळ्याजणी सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत.

चेचीची धाकटी बहीण रोसिली तिच्या शेजारीच बसायची. तिला सारखा ताप यायचा, तोंड सुजायचं. शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “पाणी किती पितेस?”

“रविवारी पिते,” रोसिली म्हणाली.

अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेली. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती.

तिला मातीत ठेवल्यावर आठव्या दिवशी चेची वखारीच्या दारात बसली. आत गेलीच नाही. तिच्या मागोमाग ओळीतली बीपात्तू बसली, मग उरलेल्या सगळ्या. मुकादम मिशीवर ताव देत म्हणाला, “राणीसरकारांना सिंहासन पाहिजे म्हणे!”

“पाहिजेच,” बीपात्तू म्हणाली, “आणि बसल्यावर दाराला आतून कडी घालता येईल असं!”

अकरा दिवस त्या तशाच बसल्या. बंदरात जहाज लागलं आणि माल आत अडकून पडला, तेव्हा शेठनं विटा दिल्या. गवंडी मात्र दिला नाही. मग विटा चेचीनं डोक्यावरून वाहिल्या. बीपात्तूच्या भावानं भिंत कशी उभी करायची ते शिकवलं आणि बायकांनीच ती उभी केली. पत्र्याचं दार, आतून कडी. एवढंसं ते बांधकाम, पण त्या दिवशी बायका घागरीनं पाणी प्यायल्या, असं चेची सांगते.

हे मला आधी ठाऊक नव्हतं. म्हणजे मी विचारलंच नव्हतं. नव्या मालकांनी वखार दुरुस्त करायला घेतली, तेव्हा पाडायच्या गोष्टींच्या यादीवर माझी सही आहे. ‘मागील बाजूची जुनी शेड, बिनमहत्त्वाची.’ तिथं आता दारूचा काउंटर आहे.

जानेवारीत दातांच्या डॉक्टरांची मोठी परिषद आमच्याकडे ठरली. तीनशे ऐंशी माणसं, वर त्यांची कुटुंबं. पहिल्या संध्याकाळी ओट्यावर मेजवानी. रेजीसर म्हणाले, “शायनी, दारातच खऱ्या सुंठवाल्या बायका बसव. पाहुण्यांना काहीतरी जिवंत दिसलं पाहिजे.”

मी चेचीकडे गेले. ती म्हणाली, “तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे ना? येते.” बीपात्तूला आणि आणखी दोघींनाही तिनंच तयार केलं.

रेजीसरांनी चौघींसाठी पांढरं चट्टा-मुंडू पाठवलं, म्हणजे सैल झंपर आणि कमरेला गुंडाळायचं वस्त्र. चेची ते उलटसुलट करून बघत राहिली. “हे माझी आजी चर्चला नेसायची. सुंठ निवडताना आमच्या अंगावर लुंगी आणि नवऱ्याचा फाटका शर्ट असायचा. आणि बीपात्तू मुसलमान आहे, तिला हे कशाला?”

“फोटोत सगळ्या सारख्या दिसायला हव्यात,” विचारल्यावर सर म्हणाले. बीपात्तूनं डोक्यावरचा रुमाल काढायला मात्र साफ नकार दिला.

चार वाजल्यापासून त्या बसल्या. पाहुणे येत होते, वाकून फोटो काढत होते. एका बाईनं चेचीच्या हातातलं सूप घेऊन स्वतःच्या डोक्यावर धरलं आणि हसून नवऱ्याकडे पाहिलं. मी नावनोंदणीच्या टेबलावर होते. सगळं झकास चाललंय, असं मला वाटत होतं.

सहाच्या सुमारास बीपात्तू उठून संडास शोधायला गेली. दारावरच्या वॉचमननं तिला ‘इत्ता’, म्हणजे ताई, म्हणून अडवलं. “हा पाहुण्यांसाठी आहे, इत्ता. कामाच्या लोकांनी बोटीच्या धक्क्यावरचा वापरायचा.” बोटी लागतात तो धक्का पुढे, चांगला दहा मिनिटांच्या चालीवर. बीपात्तू चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. ती मुकाट्यानं परत येऊन जागेवर बसली.

थोड्या वेळानं तिचं पांढरं मुंडू ओलं झालेलं चेचीला दिसलं.

चेचीनं सूप लाथेनं उडवलं. सुंठ थेट पाहुण्यांच्या बुटांपर्यंत गेली. बीपात्तूला हाताला धरून ती पाहुण्यांच्या संडासाकडे निघाली. वॉचमन आडवा आला.

“चेची, आत पाहुणे आहेत.”

“मग त्यांना सांग, मालकीण आलीय.”

रेजीसर धावत आले. खालच्या आवाजात म्हणाले, “तमाशा नको. उद्यापासून धक्क्यावर जायला गाडी ठेवतो.”

“उद्या?” चेचीचा आवाज ओट्यापर्यंत गेला. “हिनं मुतायचं उद्या? अरे, तुझा तो दारूचा काउंटर आहे ना, तिथं आमचा संडास होता! त्याच्या विटा मी डोक्यावरून वाहिल्यात. बहिणीला पुरून आले आणि मग वाहिल्यात. तू तो पाडलास, आणि वर आम्हालाच दारात बाहुल्या करून बसवलंस!”

ती बीपात्तूला घेऊन आत गेली. तिला धुतलं, पुसलं. बाहेर येऊन जवळच्या टेबलावरचा पांढरा कपडा खसकन ओढला. पेले खळाखळा फुटले. तो कपडा तिनं बीपात्तूला गुंडाळला.

“शायनी,” रेजीसर माझ्या कानाशी म्हणाले, “यांना बाहेर काढ.”

आणि मी गेले. चेचीच्या दंडाला हात लावला. हे लपवण्यात अर्थ नाही. तिनं माझा हात असा झटकला की बांगडी तुटली.

हातात पेले घेतलेली माणसं बघत उभी होती. एका डॉक्टरीणबाईंनी मला हिंदीत विचारलं, “त्या काय म्हणताहेत?” तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. रोसिली, ते अकरा दिवस, त्या विटा, यादीवरची माझी सही, सगळं सांगितलं. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सरांनी खूण केली, चेंडा ढोल वाजायला लागला, आणि दहा मिनिटांत कोळंबीपुढे रांग लागली. त्या रांगेत त्या बाईही होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडच्या झाडूवाल्या आणि भांडी घासणाऱ्या चौदाजणी स्वयंपाकघरासमोर उभ्या राहिल्या. त्यांनाही धक्क्यावरच पाठवत होते, वर्षभर. एकही आत जाईना. चारशेहून जास्त माणसांचं जेवण अडलं. दहा वाजायच्या आत मागच्या जिन्याखालचा संडास त्यांना उघडून मिळाला.

मार्चमध्ये मला काढलं. रेजीसर अजून तिथंच आहेत.

संडास उघडला त्याच दिवशी ती बातमी मी चेचीला सांगायला गेले होते. वाटलं, तिला बरं वाटेल. ती मासे साफ करत होती. सुरी तशीच हातात धरून माझ्यावर कडाडली, “चाळीस वर्षांनी तेच पुन्हा मागावं लागलं, आणि तू काय मला पेढे द्यायला आलीस? बीपात्तूची लाज गेली ती कुणी उघडून देणार आहे?”

बीपात्तू त्या मेजवानीपासून घराबाहेर पडत नाही. सुनेनं कितीही म्हटलं तरी लग्नाला नाही की दुकानात नाही. चेची रोज दुपारी तिच्याकडे जाते. हल्ली मलाही हाक मारते आणि बीपात्तूसाठी घेतलेल्या सामानाची पिशवी माझ्या हातात देते. वाटेत मात्र माझ्याशी एक शब्द बोलत नाही.