पायाळूचा डोळा

मी पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले. अशा माणसाला जमिनीतलं धन दिसतं, हा आमच्या दारव्ह्याकडचा पक्का समज. गावाला माझा उपयोग एवढाच, की कोणाच्या कंबरेत उसण भरली की लाथ मारायला मला बोलवत. मामाला मात्र धन हवं होतं.

गावापलीकडे रीठ आहे, उजाड झालेल्या गावाची जागा. कधीकाळी तिथं मोठी पेठ होती म्हणतात. तलवारींनी कापाकापी झाली, कोणीतरी मरता मरता शाप दिला आणि पेठ उठली. आता पडकी वेस, बुजलेली विहीर आणि बाभळी. धनावर राखणदार बसलाय आणि तो शिरणाऱ्याचं वाटोळं करतो, असं सगळे सांगायचे.

मी दहा वर्षांची असताना मामा मला तिथं घेऊन गेला. निघताना माझ्या पाया पडला. मामानं भाचीच्या पाया पडायची आमच्याकडे रीतच आहे. बरोबर एक महाराज होता. भर दुपारी त्यानं लाल फडक्यातली तलवार काढून जमिनीत रोवली आणि पितळी डबीतलं काजळ माझ्या डाव्या डोळ्यात घातलं. निखारा घातल्यासारखी आग झाली. मी बोंबलत होते आणि मामा विचारत होता, "धन कुठी दिसून राह्यलं, सांग नं वं!"

महिन्याभरात डोळा पांढरा पडला. महाराज म्हणाला, राखणदाराचा कोप. मामानं मानलं, आईनंसुद्धा. शापानं गेलेल्या डोळ्याचा जाब कोणाला विचारायचा? शाळेत चिडवून घेतलं ते मी, बघायला आलेले लोक उठून गेले ते माझ्यासमोरून. तो माणूस पुन्हा एकदा हाती लागावा, एवढंच मी मागत राहिले.

लागला. गेल्या उन्हाळ्यात मामाच त्याला घेऊन आला. दाढी पिकली होती, तलवार आता क्रिकेटच्या किटबॅगेत होती, डबी तीच. "एक डाव चाल," मामा म्हणाला, "तुयाशिवाय जमत नाही." मी लगेच हो म्हटलं. त्याचं त्याला नवलही वाटलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

रिठात पाच-सहा जण फावडी घेऊन उभे होते. काजळाचं बोट माझ्या उजव्या डोळ्याकडे आलं, तशी मी केस सोडून घुमायला लागले. "मी राखणदार! धन देतो! पण पयले ह्या महाराजानं आपल्या डोयात काजळ घालावं!"

सगळ्यांनी हात जोडले. महाराज मागं सरला.

"घाला नं महाराज," मामा म्हणाला. "तुमचंच तं काजळ हाये."

महाराजानं पळ काढला. दोघांनी त्याला वेशीपाशी धरलं. मामानं स्वतः डबीत बोट बुडवून त्याच्या डोळ्याजवळ नेलं, तसा तो किंचाळला, "नोका घालू! डोया जाईन माह्या!"

मामाचं बोट तिथंच थांबलं. मग त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डाव्या डोळ्याकडे.

त्या लोकांनी महाराजाला चोप चोप चोपला. मी केस बांधत बघत होते. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मामा माझ्यापुढे आला. "मले मालूम नोहतं वं बाई," म्हणत रीतीप्रमाणे पाया पडायला वाकला.

मी पाय मागे घेतले.