अंगठा लागला

बँकेतल्या यंत्रानं आज माझ्या भाचीचा अंगठा पहिल्या झटक्यात ओळखला, आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाहीये.

रेवा नऊ वर्षं देशासाठी नौकानयनाच्या शर्यतींत उतरली. तेव्हा तिचा अंगठा कधी लागायचाच नाही. वल्ह्यांनी रेषाच घासून टाकल्या होत्या. कारकून वैतागून अंगठा ओल्या फडक्यानं पुसायला लावायचा आणि ती हसायची, "मामा, मी मीच आहे हे ह्याला पटतच नाही बघ!"

गेल्या वर्षी कंबरेनं दगा दिला. शर्यती सुटल्या. तळहातावरचे घट्टे हळूहळू गेले, पण अंगठ्यावर रेषा परत उमटल्यात हे कुणाच्या लक्षात येणार?

आज कारकून म्हणाला, "झालं, मॅडम."

ती जागची हलेना. "पुन्हा एकदा बघता का?"

"अहो, लागलाय की!"

पाण्यावर ती पुरती रेवा होती, तेव्हा यंत्र तिला नाकारत राहिलं. आता सगळं सुटल्यावर म्हणतंय, हीच ती. आणि माझा अंगठा? तो तर जन्मभर पहिल्या झटक्यात लागत आलाय. कशावर झिजलाच नाही कधी.

येताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. सिग्नलला थांबलो तर स्कूटर मागेपुढे हलायला लागली. मी वळून पाहिलं. सीटमागची लोखंडी दांडी दोन्ही मुठींत आवळून ती वल्ह्यासारखी ओढत होती.