पोमाचा उजवा हात

मामपोंगच्या बाजारामागच्या गल्लीत, शिंप्याचं दुकान आणि वेण्या घालणाऱ्या बायकांचं दुकान यांच्या मधे पोमाचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचा इतकंच. एक निळा पडदा, एक स्टूल, एक पंखा आणि भिंतीवर तिच्या वोफाचा, म्हणजे सख्ख्या मामाचा, हसरा फोटो. वोफा सार्पोंगला स्वतःचे मुलगे होते, पण धंदा त्यानं भाचीच्या हाती दिला. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. मुलं बायकोच्या घराण्याची, भाचरं आपली.

वोफानं तिला कॅमेऱ्याआधी एक गोष्ट शिकवली होती. "आधी हात, मग डोळा." मयतीच्या मांडवात शिरलं की बसलेल्या सगळ्यांना उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवायचा, "दुए, दुए" म्हणून दुःखात सामील व्हायचं, आणि मगच लेन्सचं झाकण काढायचं. पोमा वीस-बावीस वर्षं हेच करत आली. दर शनिवारी कुठे ना कुठे मयत असायचीच. काळ्या-लाल कापडातले लोक ती टिपायची आणि तिची थोरली बहीण तिवा मांडवाच्या कडेला छोट्या मशीनवर फोटो छापून ताडपत्रीवर मांडायची. जेवणं होईस्तोवर निम्मे फोटो विकले गेलेले असायचे.

पण अलीकडे ताडपत्रीवर फोटो उरू लागले होते.

पोमाचा कॅमेरा जुना, छोट्या सेन्सरचा. उन्हात झकास चालायचा. पण पहाटे मयताला सजवून ज्या खोलीत निजवतात तिथे पडदे ओढलेले, एखादा लाल दिवा, काळी कापडं आणि काळे चेहरे. तिथे तो हात टेकायचा. फोटोवर कुणी वाळू फेकल्यासारखे ठिपके दिसायचे. एकदा राजधानी आक्राहून आलेल्या एका मास्तरीणबाईंनी फोटो परत आणून दिला. स्टुडिओत गिऱ्हाईक बसलेलं असताना त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, ही माझी आई नाही. हा नुसता अंधार आहे."

पोमानं पैसे परत केले आणि दिव्याला दोष दिला. दिवा बिचारा काय बोलणार. पण त्या दिवसापासून कॅमेरा पिशवीतून काढताना ती आधी इकडेतिकडे बघायची, ठिगळ लावलेला परकर दोरीवर वाळत घालताना बघावं तशी.

अशात फीफी आला. हा किनाऱ्याकडचा तरुण, कुमासी शहरात लग्नांचे फोटो काढायचा आणि शनिवारी मामपोंगकडे फिरकायचा. त्याच्याकडे फुल-फ्रेम कॅमेरा होता. आता त्यानं त्याहून नवा घेतला होता आणि पहिला विकायला काढला होता.

"फुल-फ्रेम म्हणजे काय रे बाबा?" तिवानं विचारलं.

"सिस्टर, तुझ्या बहिणीच्या कॅमेऱ्याला खिडकी आहे, माझ्याला दार आहे. दारातून उजेड जास्त येतो."

"दारातून चोरही येतो," तिवा म्हणाली.

फीफी हसला. त्यानं तो काळा जड कॅमेरा पोमाच्या हातात ठेवला. पोमानं त्यातून तिवाकडे पाहिलं, स्टुडिओच्या सावलीत बसलेली, आणि बटण दाबलं. पडद्यावर तिवाच्या गालावरचा लहानपणीचा वण दिसला, कपाळावरचा घाम दिसला, डोळ्यातली थट्टा दिसली. तिनं पुन्हा बटण दाबलं. फीफीला कळलं.

"हा शनिवार वापरून बघ. सोमवारी सांग, घेतेस की नाही. दुसरं गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. आणि हे बघ, पट्टा जीर्ण झालाय. गळ्यात लटकवू नकोस, हातातच धर."

घ्यायचा तर पैसा एकाच ठिकाणी होता. घरच्या जमिनीवर दोघी बहिणींनी जमेल तसे सिमेंटचे ठोकळे पाडून रचून ठेवले होते. पुढेमागे रस्त्यालगत पक्का स्टुडिओ बांधायचा होता. ठोकळ्यांवर गवत उगवलं होतं, पण रास दरवर्षी वाढत होती.

"ठोकळे विकले तर?" पोमानं त्या रात्री भीत भीत विचारलं.

"मला काय विचारतेस, सरड्यांना विचार. ते राहतात तिथे." तिवानं कांडलेल्या कंदाच्या फुफूचा गोळा रश्शात बुडवला. मग म्हणाली, "फोटो चांगला येतो गं. ते खोटं नाही. पण तुला तो फोटोसाठी हवाय की लोकांच्या डोळ्यांसाठी, तेवढं बघ."

पोमाला राग आला. राग आला म्हणजे नेम बरोबर लागला होता.

शनिवारी ओपोकू घराण्यातल्या एका वडीलधाऱ्यांची मयत होती. पहाटे पोमा त्या लाल दिव्याच्या खोलीत गेली आणि बाहेर आली ती वेगळीच होऊन. हातमागावर विणलेल्या केंते कापडाचा धागा न् धागा आला होता. म्हाताऱ्यांचा चेहरा, चेहऱ्यावरची शांती, उशाशी बसलेल्या लेकीच्या हनुवटीवर थांबलेला थेंबसुद्धा. वाळूचा कण नाही. आक्राची मास्तरीण आत्ता इथे हवी होती, असं तिला वाटलं.

मांडवात लोक वळून बघत होते. वेण्या घालणारी अक्या हाक मारून म्हणाली, "मॅडम कुमासी, आमच्याकडे पण बघा जरा." पोमा हसली. तिनं तो कॅमेरा छातीशी धरला होता, उजव्या हातानं पकडून, डाव्यानं लेन्सला खालून आधार देऊन, जसं नवं लेकरू धरतात. आणि ती सरळ फोटोच काढायला लागली. इकडून, तिकडून, गुडघ्यावर बसून. हात मिळवायचे राहिलेत हे तिच्या ध्यानातच आलं नाही. किंवा आलं असेल, आणि तिनं मनात म्हटलं असेल, होईल नंतर.

रांगेच्या मधोमध नाना दुफिए बसल्या होत्या. आमच्याकडे आजीही नाना आणि आजोबाही नाना. या घराण्यातल्या सर्वांत थोरल्या बाई, गेलेले त्यांचे धाकटे भाऊ. हात इतका थरथरायचा की पाण्याचा पेला दुसऱ्या कुणी धरावा लागे. वोफा सार्पोंगला फोटोग्राफर म्हणून पहिल्यांदा मांडवात बोलावलं ते याच बाईंनी.

पोमा समोरून जाताना त्यांनी तिला ओळखलं. "सार्पोंगची भाची ना तू? ये गं." आणि हात पुढे केला.

नेमकी त्याच वेळी मांडवाच्या तोंडाशी ढोलांची गडबड उडाली. गावच्या मुखियाची, चीफची, मोठी मानाची छत्री रस्त्यावर डोलताना दिसली. हा फोटो हुकला की संपलं. पोमाचं बोट बटणावर होतं, मान छत्रीकडे. लेन्सखालचा हात मोकळा करणं सोपं होतं. तिनं तो पुढे केला.

डावा.

"माफ करा, डावा आहे," असं अशा वेळी म्हणायचं असतं, तेवढंही तोंडातून निघालं नाही. आणि हात पुढे करताना उजव्या हाताचं बोट दाबलं गेलं. कॅमेरा खट्ट वाजला.

नानांनी तो हात घेतला नाही. त्यांचा स्वतःचा हात थोडा वेळ हवेत राहिला, थरथरत, आणि मग हळूच काळ्या कापडाखाली गेला. घराण्याच्या वतीनं बोलणारे ओक्येआमे बेदियाको आवाज न चढवता म्हणाले, "पोमा, तुझ्या उजव्या हातात नानांपेक्षा मोठं काय आहे?"

पोमानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. खरं उत्तर सगळ्यांना दिसतच होतं. ती गुडघ्यावर बसली. कॅमेरा कुठे ठेवावा ते कळेना. खाली लाल माती. माफी मागायला गुडघ्यावर बसलेली बाई, आणि तरी हातात तेच. कुणीतरी मागून हसलं. तेवढ्यात चीफ आले, सगळे उठले, आणि तिच्याकडे बघायला कुणाला सवड उरली नाही. छत्रीचा फोटोही तिनं काढला नाही.

कॅमेऱ्यातलं कार्ड तिनं तिवाच्या हातात दिलं आणि पडवीमागे पाण्याच्या पिंपाशी जाऊन बसली. तिकडे तिवानं नेहमीच्या सवयीनं सगळं छापलं आणि ताडपत्रीवर मांडलं. नानांच्या हाताचा तो फोटोही. पोमाला कळलं तेव्हा त्याची जागा रिकामी होती.

"कुणी नेला?"

"नानांच्या नातसुनेनं. मला काय माहीत गं, मी मशीनपाशी होते, मांडवात काय झालं ते मला नंतर समजलं," तिवा म्हणाली. मग खाली बघून पुटपुटली, "फोटो फार सुंदर होता. म्हणून वर मांडला."

अशा गोष्टीची माफी एकट्यानं मागत नाहीत. मध्ये कुणीतरी घालावं लागतं. सोमवारी ओक्येआमेंनाच मध्ये घालून, रिवाजाप्रमाणे श्नॅप्स या दारूची बाटली घेऊन, दोघी बहिणी नानांच्या घरी गेल्या. पोमानं कॅमेरा नेला नव्हता, जुनाही नाही. पिशवीसुद्धा तिवाच्या खांद्यावर. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला सुचत नव्हतं.

ओक्येआमे बोलले. बाटली पुढे केली. नानांनी पूर्वजांसाठी थोडी जमिनीवर ओतायला लावली आणि मग पोमाला जवळ बोलावलं. पोमानं उजवा हात पुढे केला आणि आदरानं डावा त्याच्या खाली लावला. नानांनी तो घेतला. एवढ्यावर खरं तर संपायला हवं होतं.

पण नानांनी उशीखालून तो फोटो काढला.

फोटोत त्यांचा पसरलेला हात होता. प्रत्येक सुरकुती, नखाखालची माती, अंगठीची घासलेली कड, सगळं लख्ख. मागे चेहरा थोडा धूसर, आणि त्या धूसर चेहऱ्यावर तिला ओळखल्याचं हसू अजून विझायचं होतं. पोमानं आयुष्यात याहून चांगला फोटो काढला नव्हता.

"सगळे म्हणतात छान आहे," नाना म्हणाल्या. "मला त्यात भीक मागणारी म्हातारी दिसते."

पोमा घाईनं म्हणाली, "फाडून टाका, नाना."

"कशाला? माझा हात आहे तो. त्यानं काही चूक केली नाही." त्यांनी फोटो परत उशीखाली सारला. "ते यंत्र घेणार आहेस म्हणे."

"नाही, नाना. आजच परत करते."

"का?"

तिवानं तोंड उघडलं, पण नानांनी तिला खुणेनं थांबवलं.

"माझ्या भावाचा त्या खोलीतला फोटो पाहिला मी," नाना म्हणाल्या. "भाऊच दिसतो. त्याच्या आधी बहीण गेली, तिचा तू जुन्या यंत्रानं काढलेला आहे. त्यात मला बहीण सापडत नाही. आता त्या खोलीत पुढची पाळी माझी. मला अंधार करून ठेवायचा विचार आहे का तुझा?"

"नाही, नाना."

"मग घे. तू यंत्राला शिक्षा करून स्वतः सुटायला बघतेस. पट्टा मात्र चांगला लाव."

ओक्येआमे हसले. तिवाही हसली. पोमाला हसू आलं नाही. बाटली देऊन जे फिटेल असं वाटलं होतं, ते क्षमेनं उलट जड झालं होतं. म्हाताऱ्या बाईनं झापलं असतं तर बरं झालं असतं.

ठोकळे विकले गेले. ट्रकवर चढवताना सरडे चहूकडे पळाले आणि तिवा त्यांना म्हणाली, "मला नका बघू, हिला बघा." फीफीला पैसे देताना पोमानं विचारलं, "तू मांडवात हात कसा मिळवतोस रे?"

"मी लांबूनच मान डोलावतो. कोण बघतंय?"

घरी येऊन पोमानं वोफाच्या जुन्या काळ्या कापडाची चार पदरी पट्टी काढली, शिंप्याकडून दोनदा शिवून घेतली आणि कॅमेऱ्याला लावली. आता तो पाठीवर टाकता येतो, झोळीतल्या मुलासारखा.

गावानं मात्र विसरायचं नाव घेतलं नाही. बाजारात टोमॅटोवाली सुटे पैसे देताना म्हणायची, "उजवा काढ गं, पोमा." शाळेतली पोरंही म्हणायला लागली. ती हसून उजवा हात पुढे करायची आणि घरी गेल्यावर तिला जेवण जायचं नाही.

पुढच्या मयतीला नाना दुफिए त्याच जागी बसल्या होत्या. पोमा उजवीकडून सुरू झाली, एकेक हात, दुए, दुए. कॅमेरा पाठीवर, झाकण लावलेलं. नानांपाशी आली. त्यांनी हात घेतला आणि सोडलाच नाही. बाहेर ढोल घुमले. छत्री आली असणार. लोक उठायला लागले, माना वळल्या. फीफी लांबून पळत पुढे गेला.

"आज कोण मोठं?" नानांनी हळूच विचारलं.

पोमाला वर बघवेना. तिनं त्या सुरकुत्यांकडे पाहिलं. एकेक तिला आधीच पाठ होती, फोटोतून. छत्री मांडवात आली, फिरली, आणि तिच्या पाठीमागून निघून गेली. नानांचा हात अजून तिच्या हातात थरथरत होता, आणि तिनं बोटंसुद्धा हलवली नाहीत.