पुरात न गेलेली गाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला शेवटपर्यंत नाही, मुलीलाही नाही. आत्ता लिहितानासुद्धा लक्ष दाराकडं आहे — कुणी आलं तर?

माझा थोरला भाऊ मिलिटरीत होता. दादा सुट्टीवर कडेगावला आला की पेटी घेऊन बसायचा. गाणी स्वतः रचायचा, स्वतःच म्हणायचा. आवाज जाडाभरडा, शब्द रानातले. लोक थोडं ऐकून उठून जायचे. टेपरेकॉर्डरवर त्यानं ती भरून ठेवली, आणि लांब बदली झाली तेव्हा कॅसेटींची पिशवी सांगलीला माझ्या घरी आणून दिली. "तुज्याकडं नीट ऱ्हातील," म्हणाला.

राहिल्या का? माझ्या जावेनं एकदा त्यातली एक लावली आणि सगळं घर हसलं. मीही हसले — सगळ्यांत मोठ्यानं. पुढं मुलीच्या गॅदरिंगची गाणी भरायची होती, तेव्हा मी नवी कॅसेट आणायला गेले नाही. त्या पिशवीत हात घातला. एकदा नाही — दर वर्षी.

मग तो मोठा पूर आला. खालच्या खोल्या बुडाल्या. पिशवी माळ्यावर होती, तिथं पाणी पोचलंच नाही. पाणी ओसरल्यावर दादा चिखल काढायला आला. त्यानं कॅसेटींचं विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — पुरात गेल्या.

"आगं, पाण्याम्होरं कुनाचं चालतंय? तुमी वाचलासा, लय झालं," असं म्हणून उलट त्यानंच माझी समजूत घातली.

आता दादाला अर्धांगवायू झालाय. वाचा गेली. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या लेकीचा फोन आला. "आत्ती, भिजलेल्या कॅसेटीपण आता साफ करून वाजवत्यात म्हणं. टाकल्या नसतील तर बघा की. आप्पांना त्यांचाच आवाज ऐकवायचाय."

टाकल्या म्हणायचं सुचलंच नाही. बघते, म्हणाले. तर ती म्हणाली, रविवारी येते.

दुपारी पिशवी खाली काढली. सगळ्या कोरड्या ठणठणीत. किती पुसलंय ते बघायला एकेक लावली — नाचाची गाणी, नाचाची गाणी. आणि एकीच्या शेवटाला अचानक दादा.

एष्टी गेली धुरळ्यात, तू वळून न्हाई बघितलं,
बांधावर मी हुबा, हात वर तसाच ऱ्हायला.

लग्न होऊन सांगलीला निघाले तेव्हा मी खरंच वळून बघितलं नव्हतं. माझ्यावर गाणं होतं — आणि मी हसले होते? एक शब्द सजवलेला नाही त्यात. म्हणूनच तेव्हा ते मला गाणं वाटलं नसेल का? आठवडाभर रोज दुपारी ऐकलं. पाठ झालं.

मग दिलं का? त्याच कॅसेटीत आधी माझाही आवाज होता. लेकीला सांगत होते — "मामाचंच आहे गं, पुसू दे." हे दादासमोर वाजलं असतं. रात्री झोप लागेना. फोन वाजला तरी दचकायचे.

शनिवारी न्हाणीघराला आतून कडी लावली. बादलीत कुंडीतली माती कालवली. सगळ्या कॅसेटी बुडवल्या. ती गाण्याचीसुद्धा. फीत बोटानं बाहेर ओढून चिखलात चोळली.

रविवारी भाचीनं त्या टॉवेलात गुंडाळून, बाळासारख्या नेल्या.

पुढं बऱ्याच दिवसांनी, दादाच्या खाटेशी बसून ती म्हणाली, "कायबी निघालं न्हाई, आत्ती. फीतच गेलीय." दादानं माझ्याकडं बघितलं. चालतो तो हात सरकवत माझ्या हातावर ठेवला.

आणि मला हायसं वाटलं.

अजून जाते मी त्याला बघायला. ते गाणं तोंडावर येतं. ओठ घट्ट मिटून बसते. एकदाही म्हटलेलं नाही.