रविवारचा हेरिटेज वॉक आणि आमचं न दिसलेलं घर

मी अकोल्याला एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात कोणी भानामती, करणी असलं काही बोललं की त्याला उभं करून प्रश्न विचारून विचारून रडकुंडीला आणते, अशी माझी ख्याती आहे. तेव्हा ‘मॅडम, तुम्हीसुद्धा?’ अशा कमेंट येणार हे धरूनच लिहितेय. या खुशाल. पण आधी पूर्ण वाचा... आणि हेही सांगून ठेवते, की हे लिहिताना मी शांत नाही. तशी अपेक्षाही ठेवू नका.

माझी आत्या अमरावतीला परकोटाच्या आतल्या एका गल्लीत एकटी राहते. ऐंशीच्या घरात आहे, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. शनिवार-रविवार मी तिच्याकडेच असते. तिचं लग्न झालं नाही. म्हणजे ठरलं होतं, मोडलं. का मोडलं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आत्या विशीत असताना समोरच्या माडीवर एक मास्तर भाड्यानं राहायचे. पुढे ते थोर कादंबरीकार झाले. नाव लिहीत नाही — मला ते टाइप करायचीही इच्छा नाही. आत्या शिवणकाम करायची आणि दिवसभर रस्त्यावरच्या खिडकीत बसायची, कारण घरात उजेड तेवढाच यायचा. बस्स, एवढंच! त्या माणसाशी ती धड बोललीही नसेल. त्यानं कादंबरीत काय लिहावं? खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना नादी लावणारी आणि एका संसारी माणसाचं वाटोळं करणारी बाई. गल्ली तीच, खिडकी तीच, शिवणयंत्रसुद्धा तेच. गावानं लगेच बोट दाखवलं. बडनेऱ्याच्या रेल्वेतल्या मुलाशी आत्याचा साखरपुडा झाला होता. त्या लोकांनी निरोप धाडून सोयरीक मोडली. मास्तरांना पुरस्कार मिळाले.

आता ते मास्तर वारले, गावाला त्यांचा अभिमान वाटायला लागला, आणि कोणीतरी टूम काढली — ‘कादंबरीच्या वाटेवरून’ हेरिटेज वॉक. दर रविवारी सकाळी. मास्तरांची शाळा, मास्तरांचा चहाचा कट्टा, आणि शेवटी ‘ती खिडकी’. गाईड म्हणजे कॉलरला माइक, कमरेला स्पीकर लावलेला एक तरुण. आमच्या ओट्यासमोर उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, “याच खिडकीत ती बसायची. आणि मंडळी, ती आजही इथेच राहते!” की मोबाइल वर.

मी दोनदा भांडले. एकदा तो म्हणाला, “मॅडम, हा साहित्याचा वारसा आहे.” दुसऱ्यांदा म्हणाला, “आम्ही रस्त्यावर उभे आहोत, रस्ता सगळ्यांचा आहे.” आत्या मात्र आतल्या खोलीत पाठ करून बसायची. खिडकी लावायची सोय नव्हती, कारण उन्हाळा सुरू झालेला आणि खिडकीत कूलर. अमरावतीच्या उन्हात कूलरशिवाय म्हातारं माणूस टिकत नाही, हे कोणाला सांगायला नको. पण एका रविवारी त्या पोरानं बेल वाजवली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “आजी, पुढच्या रविवारपर्यंत तो कूलर काढता येईल का? फोटोत येतो हो. खिडकीचा फील जातो.”

फील जातो! माझ्या कानशिलाच्या शिरा तडतडल्या. आत्यानं दार लावलं, आणि पुढच्या शनिवारी संध्याकाळी तिनं घराची दृष्ट काढली.

यात विशेष काही नाही. लेकराची काढतात, नवऱ्या मुलाची काढतात, तशी घराचीही काढतात. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या, गुडघे धरत ओट्यावर गेली, दारावरून आणि खिडकीवरून उतरवलं आणि निखाऱ्यावर टाकलं. कूलरवरूनसुद्धा उतरवलं. मी हसले.

“हासू नको व वंदे,” आत्या म्हणाली. “इतक्या लोकायची नजर लागते त्या खिडकीले. साठ वर्सं झाले, पायतच हायेत.”

एवढ्या मिरच्या जळल्या, पण ठसका आला नाही. मला नाही, तिला नाही. जुनी माणसं म्हणतात, खरी दृष्ट असली की ठसका येत नाही. मी म्हटलं, मिरच्या सादळल्या असतील.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी ठरवलंच होतं. पाण्यानं भरलेली बादली घेऊन सकाळपासून ओट्यावर उभी. काय व्हायचं ते होऊ दे.

ते आले. वीसेक लोक, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. गाईड बोलतच येत होता, “आणि आता आपण पोचतोय त्या सुप्रसिद्ध...” आणि पुढे गेला. आमच्या दारावरून, माझ्या समोरून, सरळ पुढे. पुढच्या वळणाशी थांबला, मागे आला. आमच्या डावीकडच्या घराकडे पाहिलं, मग उजवीकडच्या घराकडे. मध्ये आमचं घर, त्यात मी, हातात बादली. त्याची नजर माझ्यावरून अशी सरकली, जसं तिथं काही नाहीच.

“ओ भाऊ!” मी ओरडले. “कोणाले शोधून राहिले?”

त्यानं मान वळवली, पण गल्लीच्या टोकाकडे. दुरून कोणी हाक मारल्यासारखी. माझं डोकं फिरलं. नाटकं करतोय! मी बादली उचलली आणि फेकली. त्याचे बूट, पँट सगळं भिजलं. आणि तो वर बघून लोकांना काय म्हणाला? “जरा सांभाळून हं, कोणाच्यातरी गच्चीवरून पाणी सांडतंय.”

तेवढ्यात दूधवाला सायकलवरून आला, त्या गर्दीतून वाट काढत ओट्याशी आला, माझ्या हातात पिशव्या दिल्या आणि म्हणाला, “ताई, कोनावर पानी फेकून राहिल्या सकायीच?” म्हणजे त्याला मी दिसत होते.

तुमच्या मनात येतंय ते सगळं माझ्याही मनात आलं. ठरवून केलं असेल. भांडणाला घाबरले असतील. मी दुपारी पोस्टरवरच्या नंबरवर फोन केला. तोच पोरगा बोलला. “मॅडम, ते घर पाडलं वाटतं हो. आम्हाला आज सापडलंच नाही.” त्याचा आवाज खरंच पडला होता. संध्याकाळी वॉकमधल्या एका बाईनं फेसबुकवर गल्लीचा फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘दुर्दैवानं ते घर आता उरलेलं नाही.’ फोटोत आमचं घर स्पष्ट दिसतं. कूलर दिसतो. बादली घेतलेली मी दिसते, तोंड उघडं. कमेंटमध्ये वॉकचे लोक हळहळताहेत, आणि कोणालाही ते दिसत नाही!

पुढच्या रविवारीही तेच. दारावरून गेले, मागे आले, हात हलवत निघून गेले. आत्या त्या दिवशी खुर्ची घेऊन खिडकीपाशी बसली, कूलरच्या शेजारी, आणि लोक गल्लीत असताना बाहेर बघत तिनं निवांत चहा प्यायला. मी तिला इतकी मोकळी कधी पाहिली नव्हती. मला रडू आलं. विज्ञान गेलं खड्ड्यात, मी म्हटलं, हे असंच राहू दे.

पण त्या लोकांना खिडकी हवीच होती. कोणाची का असेना.

त्याच्या पुढच्या रविवारी ते दोन घरं पलीकडे थांबले. तिथं रुबीना राहते. नवरा ट्रकवर असतो, महिना महिना बाहेर. ती घरी साड्यांना फॉल-पिको करते. शिकवलं आत्यानंच. मशीन कुठं ठेवलंय? खिडकीत. उजेडासाठी! गाईडचा स्पीकर सुरू झाला, “हीच ती खिडकी, मंडळी... याच खिडकीत बसून ती पुरुषांना...” आणि आत एक तरुण बाई खरोखर बसलेली. मोबाइल वर गेले. कोणीतरी हसलंसुद्धा. रुबीनानं पदर तोंडावर ओढला. तिची सासू दारात येऊन ओरडली, “क्या बोल रहे हो जी मेरी बहू के बारे में?” गल्लीतली पोरं जमली. पलीकडच्या पानठेल्यावरचे दोघं-तिघं उठून बघायला आले आणि एकमेकांना कोपर मारायला लागले.

मी चपला शोधत होते. माझ्याआधी आत्या ओट्यावरून उतरली. काठी न घेता. आणि त्या पोराच्या समोर जाऊन उभी राहिली.

“थे खिडकी नाही होय, बाबू,” ती म्हणाली. “थे पोरगी आपलं पोट भरून राहिली. तिचं नाव नको घेऊ. खिडकी माही हाये. थे पाय, तिकडं. कूलरवाली. अन् थे बाई मी हाओ.”

साठ वर्षांत तिनं हे कधी कबूल केलं नव्हतं, कारण कबूल करण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्या माना एकदम वळल्या. आणि पोरगा चक्रावून म्हणाला, “अरेच्चा... हे घर तर इथंच होतं!” लोक आमच्या ओट्याकडे धावले. मी मध्ये उभी राहिले, दोघांचे मोबाइल हातानं खाली केले, एकाशी झटापट झाली. काय उपयोग?

घरात आल्यावर मी आत्यावरच ओरडले. हो, तिच्यावरच. “काहून गेली तू बाहेर? सुटली होती नं!”

“मी सुटली,” ती म्हणाली. “अन् रुबीना?”

आता ते पुन्हा दर रविवारी येतात. मी पोलिसांत अर्ज दिलाय, नगरसेवकाकडे गेलेय, सगळीकडे ‘पाहू’ म्हणतात. एका शनिवारी मी, विज्ञानाच्या मॅडमनी, स्वतः मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेतल्या आणि ओट्यावर निघाले. आत्यानं माझं मनगट धरलं, मूठ उघडली आणि सगळं परत डब्यात टाकलं.

“मंग थे कोनाच्या दारात उभे रायतीन, वंदे?”

मी डब्याचं झाकण लावलं. ते दोन रविवार आमचं घर कुठं गेलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.